बंद करायच्या दिवशीची कामं

(वाचकांचे प्रश्न, मेकॅनिक ताईंची उत्तरं)

एसी, कूलर, गीझर, हीटर. ३१ वर्षं यांच्या पोटात हात घालतेय. वडिलांच्या हाताखाली शिकले. पहिलं वर्षभर माझं काम एकच, टॉर्च धरणं. टॉर्च धरणाऱ्याला आत काय चाललंय ते सगळ्यात स्वच्छ दिसतं, हे मला पुढे कळलं.

ऋतू पालटायला लागला की पत्रांचा ढीग येतो आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: आता चालू करायचाय, काय काय तपासू? बंद करताना काय करू, असं विचारणारं पत्र क्वचित येतं. माझ्याकडे आलेली निम्मीअधिक मशीनं चालू असताना बिघडलेली नसतात. कोपऱ्यात पडून असताना बिघडलेली असतात. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : आमच्या एसीत सलग चार वर्षं गॅस भरतोय. दर वेळी सीझनच्या सुरुवातीला मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, भरून जातो. गॅस इतका संपतो का? (निवृत्त शिक्षक)

सर, गॅस संपत नाही. गाडीत पेट्रोल जळतं, तसा एसीतला गॅस जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांत गोल गोल फिरतो. घरातल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते, ती होताना खोलीतली उष्णता तो उचलतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. नळी धड असेल तर २० वर्षांनीही गॅस तेवढाच असायला हवा.

म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर कुठेतरी गळती आहे आणि चार वर्षं कुणी ती शोधलीच नाही. नाहीतर गॅस कमी झालेलाच नाही.

ही दुसरी शक्यता माझ्या हातून घडलेली आहे. मी नवी होते. एका घरी एसी थंड करत नव्हता. गेज लावलं, प्रेशर कमी दिसलं, मी मोठ्या ऐटीत गॅस भरला. थोडं बरं वाटायला लागलं, पैसे घेऊन आले. आठवड्याने त्या बाईंनी जाळ्या काढून धुतल्या आणि त्याच संध्याकाळपासून एसी दर १० मिनिटांनी बंद पडायला लागला. वडील आले, त्यांनी बाहेरच्या युनिटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. झालं असं होतं: जाळ्या धुळीने बुजलेल्या, कॉइलवर हवाच येत नव्हती. हवा नाही म्हणजे उष्णता नाही, उष्णता नाही म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणून गेजवर प्रेशर कमी. गॅस पुरेसाच होता, मी वर आणखी कोंबला. जाळी मोकळी होताच प्रेशर चढलं आणि कॉम्प्रेसर तापून ट्रिप व्हायला लागला. वडिलांनी जास्तीचा गॅस काढून घेतला, बाईंचे पैसे परत केले आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून जाळी आणि कॉइल बघितल्याशिवाय मी गेज बाहेर काढत नाही.

आता गळती खरंच असेल तर. आधी फ्लेअर नट बघायचे, म्हणजे बाहेरच्या युनिटला नळ्या जोडतात तिथले पितळी नट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलही पाझरतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. टॉर्च मारून तो डाग तुम्हालासुद्धा दिसेल. डाग नसेल तर कोरडा नायट्रोजन भरून प्रेशर द्यायचं आणि सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. फुगा आला की सापडली गळती. (नायट्रोजनच. कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.)

घरातल्या कॉइलला टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातल्या एका प्रकाराचं इंग्रजी नावच वारुळावरून पडलंय, कारण असं तांबं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर आत मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे दिसतात. प्लायवूडचा गोंद, रंग, साफसफाईची काही द्रव्यं यांतून निघणारी आम्लाची वाफ आणि कॉइलवरचा ओलावा, दोन्ही मिळून तांबं असं आतून पोखरतात. नव्या फर्निचरनंतर वर्षा-दोन वर्षांत कॉइल गळायला लागली असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही.

गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. पाच मिनिटांचं नाटक नको, पंप अर्धा तास तरी चालला पाहिजे. मग गॅस वजनावर भरायचा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं: आर-३२, आर-४१०ए, जुन्या मशीनवर आर-२२. आर-३२ पेट घेऊ शकतो, तेव्हा भरताना जवळ ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत आला आहे. तुमचं मशीन तेवढं जुनं असेल आणि कॉइलच गळत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

थोडक्यात, पुढच्या वेळी त्याला विचारा: गळती कुठे होती? व्हॅक्यूम किती वेळ केलं? किती ग्रॅम भरला? एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर मेकॅनिक बदला.

प्रश्न : हवा दमट असली की आमच्या एसीतून भिंतीवर पाणी ओघळतं. कोरड्या दिवसांत एक थेंब नाही. आणि बरेच दिवसांनी लावला की ओल्या फडक्यासारखा वास येतो. (दोन लहान मुलांची आई)

ताई, तुमचा एसी पाणी तयार करतोय ते बरोबरच करतोय. चुकतंय ते पाणी बाहेर जाण्यात.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच पाण्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने तिथल्या हवेतला ओलावा काढण्यासाठी यंत्रणा आखली. माणसांना गारवा मिळाला तो नंतरचा.

थंड कॉइलवरून हवा गेली की त्यातली वाफ दव धरते. हवा दमट असेल तर दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी काढतो. ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. धूळ अधिक ओलावा, की त्या ट्रेमध्ये शेवाळी बुळबुळीत थर धरतो. त्याचा गोळा पाइपच्या तोंडाशी बसला की पाणी ट्रेच्या काठावरून तुमच्या भिंतीवर. कोरड्या दिवसांत पाणीच इतकं थोडं की तुंबलेल्या पाइपमधूनही झिरपून जातं, म्हणून तेव्हा कळत नाही.

पाइपचं बाहेरचं टोक बघा. ते बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर वर काढा, आत हवा कोंडते आणि पाणी उतरत नाही. पाइप मध्येच झोळीसारखा लोंबत असेल तर तिथे गाळ साचतो, त्याला सरळ उतार द्या. सफाई मेकॅनिककडून करून घ्या, पण त्याला ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बाहेर धार पडते का ते दाखवायला सांगा. धार दिसल्याशिवाय त्याला सोडू नका.

वास येतो ब्लोअरमधून. लांब पिंजऱ्यासारखा तो गोल पंखा असतो ना, त्याच्या पात्यांच्या आतल्या बाजूला काळी बुरशी धरते. बाहेरून मशीन चकचकीत असतं. झडप बंद करण्याआधी आत टॉर्च मारा आणि पात्यांची कड बघा. ही बुरशी धरते कधी? तुम्ही शेवटच्या दिवशी थंडगार चालणारा एसी रिमोटने टप्पकन बंद करता आणि ओली कॉइल, ओला ट्रे, ओला ब्लोअर तीन-चार महिने अंधारात ठेवता, तेव्हा. म्हणून सीझन संपताना एक कोरडा दिवस धरा. जाळ्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा (उन्हात प्लॅस्टिक वाकडं होतं), परत बसवा आणि तीन-चार तास नुसत्या फॅन मोडवर चालू ठेवा. मग एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा मेन खटका) खाली पाडा.

बाहेरच्या युनिटला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आत ओल कोंडते, गंज धरतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं. मी एकदा असं गाठोडं सोडलं, तर आतल्या वायरींचं अर्धं आवरण कुरतडून घरटं केलेलं, आणि घरटं रिकामं नव्हतं. वरून पालापाचोळा पडत असेल तर माथ्यावर फळी ठेवा, बाजू मोकळ्या सोडा.

प्रश्न : कूलर पुसून, पूर्ण वाळवून ठेवला होता. तरी पुढच्या वर्षी पाणी भरल्यावर आठवड्यात अळ्या. पाणीच खराब असेल का?

पाणी नाही, टाकीची भिंत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. तुम्ही पुसलंत, वाळवलंत, अंडी जागच्या जागी. ताठ ब्रश घ्या आणि कडेकडेने, कोपऱ्यात, पंपाच्या मागे खरवडून घासा. मग धुवा, मग वाळवा. वापरात असताना दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात.

आठवड्याला पाणी बदलण्याचं आणखी एक कारण आहे. पॅडमधून उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. रोज वरून भर घालत गेलात तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होतं आणि पॅडवर पांढरी खपली चढते. ते पॅड मग हवाही अडवतं आणि पाणीही.

आणि हो, पाणी भरताना प्लग काढलेला हवा. बटण बंद असणं पुरेसं नाही.

प्रश्न : गीझर १५ लिटरचा, २००० वॉटचा. पूर्वी २० मिनिटांत पाणी तापायचं, आता पाऊण तास. आतून तडतड आवाज. एलिमेंट बदलू का?

आधी हिशोब करू. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटला साधारण २१ मिनिटं लागतात. म्हणजे तुमचं जुनं गणित अगदी बरोबर होतं. २१ची ४५ झाली, याचं पहिलं कारण क्षार. पाणी जितकं तापवाल तितका चुना जास्त सुटतो आणि एलिमेंटवर बसतो. ही खपली उष्णतेला अडवते, तिच्याखाली अडकलेलं पाणी उकळून बुडबुडे फुटतात, तीच तडतड. थर फार झाला की आतला एलिमेंट जरुरीपेक्षा तापतो, थर्मोस्टॅट त्याच्या शेजारीच असतो, त्याला वाटतं पाणी तापलं आणि तो लवकर तोडतो. वेळ वाढतो तो असा. एलिमेंट बदलायच्या आधी खोलून साफ करून घ्या. खोलताना आतून अंड्याच्या टरफलासारखे तुकडे ओंजळीने निघाले तर घाबरू नका, ते निघण्यासाठीच खोललंय.

पण खोललाच आहे तर एनोड रॉड बघितल्याशिवाय बंद करू देऊ नका. याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. टाकी लोखंडी असते, आतून काचेचा लेप असतो, आणि त्या लेपाला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी लावतात. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं, ते शिल्लक आहे तोवर टाकी वाचते. नवी कांडी अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत, करड्या रंगाची. परवा मी एक काढली तर मधली तारच उरली होती, तिला दोन ठिकाणी खडूसारखे पांढरे गोळे चिकटलेले, बोट लावताच पडले. त्या घरी गरम पाण्याला तांबूस छटा यायला लागली होती. तेव्हा उशीर झालेला असतो, टाकी बदलावी लागते. दर वर्षी, निदान दोन वर्षांनी कांडी बघा. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर दर वर्षीच.

महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर एमसीबी बंद ठेवा. पुन्हा चालू करायच्या दिवशी आधी गरम पाण्याचा नळ उघडून भरपूर पाणी वाहू द्या, धार अखंड येऊ लागली की मगच बटण. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही क्षणांत जळतो. तापमान ६०च्या आसपास ठेवा. त्याहून खाली साठवलं तर पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात, वर ठेवलं तर खपली वेगाने चढते. पण नळातून निघताना त्यात थंड पाणी मिसळाच, ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलांची त्याहूनही आधी.

प्रश्न : गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. हल्ली आंघोळ करून आल्यावर डोकं जड होतं, मळमळतं. गॅसचा वास मात्र अजिबात येत नाही.

हे वाचताय त्या क्षणापासून तो गीझर वापरू नका. वास येत नाही हे चांगलं लक्षण नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो कारण तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममधला ऑक्सिजन ज्योतीने संपवला की हा विषारी वायू तयार होतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुंगीत बसतो, कडी आतून लावलेली असते. ज्योत पिवळी असेल तर धोका आहेच, पण निळी असली म्हणजे सुरक्षित, असंही नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा, धूर बाहेर नेणाऱ्या नळीसकट. आणि घरात ज्यांना ज्यांना असं होतंय त्यांनी डॉक्टरांना 'गॅस गीझर' हे दोन शब्द सांगायचे, नाहीतर पित्ताची गोळी घेऊन घरी याल.

प्रश्न : मुलीकडे थंड देशात आहे. घरात पाण्याचे रेडिएटर आहेत. एक वरून गार, खालून गरम. दुसरा तर पूर्ण गार, बाकी सगळे ठीक.

वरून गार म्हणजे आत हवा अडकली. हीटिंग बंद करून थंड होऊ द्या. वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिळ्यासारखा छोटा व्हॉल्व्ह असतो, खाली फडकं धरून त्याच्या चावीने पाव फेरा सैल करा. फुस्स करून हवा निघेल, पाण्याची धार लागली की लगेच आवळा. पाणी काळं निघेल, ते लोखंडाच्या गंजाचं असतं. मग बॉयलरचं प्रेशर बघा, थंड असताना १ ते १.५ बार हवं, कमी असेल तर भरून घ्या. (उलट, खालून गार आणि वरून गरम असा रेडिएटर असेल तर तळाशी तो काळा गाळ साचलाय. ते काम माणूस बोलावूनच.)

पूर्ण गार असलेल्याचं मला वेगळंच वाटतं. त्याच्या बाजूला आकडे असलेली फिरकी आहे का? उन्हाळाभर ती शून्यावर ठेवली की आतली पिन दबून तिथेच अडकते. फिरकी काढा, पिन दिसेल, तिला बोथट वस्तूने हलकेच दाबून सोडा. दोन-चार वेळा केलं की बहुतेकदा सुटते. पक्कडीने ओढू नका, उपटून हातात आली तर खोलीत कारंजं. उन्हाळ्यात फिरक्या पूर्ण उघड्या ठेवा असं मुलीला सांगा.

प्रश्न : गरम-थंड दोन्ही करणारा एसी आहे. थंडीत बाहेरच्या युनिटमधून पांढरा धूर येतो, तेवढा वेळ आत गरम हवाही बंद होते.

धूर नाही, वाफ. थंडीत तुमचा एसी उलटा चालतो, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं. ते वितळवायला तो काही मिनिटं पुन्हा दिशा बदलतो. १० मिनिटांत पूर्ववत झाला तर सगळं ठीक. बर्फ तासन्‌तास तसाच राहिला तर मेकॅनिक बोलवा, पण सुरीने खरवडू नका.

प्रश्न : रूम हीटर पहिल्यांदा लावला की जळका वास येतो. ऑइल हीटरमधलं तेल बदलावं का?

तेल आयुष्यभराचं, सीलबंद असतं. पहिल्या १० मिनिटांचा वास साठलेल्या धुळीचा, मऊ ब्रशने झाडून मगच लावा. वास प्लॅस्टिकसारखा किंवा मासळीसारखा आला तर तो वायरिंगचा, लगेच बंद. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. अर्ध्या तासाने प्लग काढून पिनांजवळ हात न्या. चटका बसला तर सॉकेट सैल आहे.

प्रश्न : दर वर्षी सीझनच्या पहिल्या दिवशी एसीचा रिमोट चालत नाही. नवे सेल घातले तरी नाही. (इयत्ता आठवी)

सेलच्या जागी स्प्रिंगवर पांढरा-हिरवा भुरा दिसतोय का? जुने सेल पाझरलेत. ते काढून टाक, कानकाडीला थोडं व्हिनेगर लावून स्प्रिंग घास, फसफसेल, मग कोरड्या काडीने पूस. हात धू. वाळल्यावर नवे सेल घाल. आणि या वर्षी आई एसी बंद करेल त्या दिवशी सेल काढून घ्यायचं काम तुझं.